सहीपुरती उरलेली आरोग्य समिती: वाचकांचे प्रश्न

गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, उपकेंद्रात जन आरोग्य समिती, रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती आणि शहरातल्या वस्तीत महिला आरोग्य समिती. नावे वेगळी असली तरी पत्रांतला सूर एकच आहे: समिती आहे, सह्या होतात, पण पुढे तिने करायचे काय? या वेळचे सगळे प्रश्न त्याबद्दलचेच आहेत.

प्रश्न: नुकतीच सरपंचपदी निवडून आले. दप्तरात आरोग्य समितीची फाईल सापडली, पण शेवटची खरी सभा कधी झाली ते कुणाला आठवत नाही. पुढच्या तीन वर्षांसाठी या समितीचे काम आखायचे आहे. सुरुवात कुठून करू?
(सरपंच, जि. बीड)

पासबुकापासून. इतिवृत्त मागाहूनही लिहिता येते, पासबुक नाही. समिती कधीपर्यंत चालू होती, शेवटचा पैसा कधी आला, कशावर गेला, सगळे त्यात दिसेल. दोन वर्षे व्यवहार नसेल तर बँकेने खाते निष्क्रिय केलेले असण्याची शक्यता मोठी. सह्या कुणाच्या आहेत तेही पाहा. राष्ट्रीय मार्गदर्शिकेत समितीची सचिव आशा आहे, पण आपल्याकडे बऱ्याच गावांत खाते सरपंच आणि अंगणवाडी सेविका यांच्या जोडसहीने चालत आले आहे. जुन्या सरपंचांची सही काढून तुमची चढवायला ठराव, निवडीचे पत्र, आधार, पॅन आणि फोटो लागतात. हे पहिल्या महिन्यात उरका. नाहीतर सहा महिन्यांनी समिती एखाद्या कामाला हो म्हणेल आणि बँकेत जाऊन अडकेल.

दुसरे काम सदस्यांचे. मार्गदर्शिकेप्रमाणे किमान १५ सदस्य आणि निम्म्या महिला हव्यात. आशा, अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका, शाळेचे मुख्याध्यापक, बचत गटाच्या बाया ही नावे सगळीकडे असतात. राहतात त्या वस्त्या. गावाच्या नकाशावर प्रत्येक वस्तीवर बोट ठेवा आणि विचारा, इथला कोण आहे? उत्तर नसेल तिथला एक माणूस घ्या. तुमच्या जिल्ह्यात आणखी एकाला निमंत्रित म्हणून बसवा: ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. टोळी कधी निघणार आणि कोणत्या कारखान्यावर जाणार हे उपकेंद्राच्या आधी त्याला कळते.

तिसरे, गावाचे दुखणे शोधणे. यासाठी सर्वेक्षण करू नका, त्यात सहा महिने जातात. पाच ठिकाणचे आकडे एका कागदावर आणा: उपकेंद्रातली गरोदर मातांची नोंद, लसीकरणाची नोंद, अंगणवाडीतली वजने, ग्रामपंचायतीचे जन्म-मृत्यू रजिस्टर आणि पाणी नमुन्यांचे अहवाल. मागच्या बारा महिन्यांचे. बाराव्या आठवड्याच्या आत किती बायांची नोंद झाली? बाळंतपण कुठे झाले? कुठल्या मुलाची लस राहिली? मृत्यू कोणत्या वयात झाले? पाण्याचा नमुना कितीदा दूषित आला? टक्केवारी काढायच्या भानगडीत पडू नका. वर्षाला ४० बाळंतपणे असलेल्या गावात अडीच टक्के म्हणजे एक बाई, आणि ती कोण हे गावाला ठाऊक असते. मात्र नावे सभेत वाचायची नाहीत, सभेत फक्त आकडा आणि वस्ती. हा नियम पहिल्या बैठकीत इतिवृत्तात लिहूनच टाका. एकदा कुणाच्या घरची गोष्ट पारावर गेली की पुढच्या वर्षी आशाला कुणी खरे सांगत नाही.

या कागदावरून विषय निवडायचे ते फक्त तीन. बारा विषय घेतले की मासिक सभेत एकेकाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात आणि सभा चहावर संपते.

आता वर्षाची बांधणी. ती आर्थिक वर्षाप्रमाणे न करता गावाच्या वर्षाप्रमाणे करा. मे महिन्यात पाणी: गळकी व्हॉल्व्ह, गटारातून गेलेली जलवाहिनी, टीसीएलचा (पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या भुकटीचा) साठा. जून ते सप्टेंबर ताप आणि जुलाब यांच्यावर नजर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुढच्या वर्षीच्या ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यासाठी मागण्या लिहून काढा, कारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्या मांडायच्या आहेत. तिथे पोचल्या नाहीत तर वर्ष गेले. दसऱ्याच्या आसपास, टोळ्या निघण्याआधी, जाणाऱ्या गरोदर बाया आणि पाच वर्षांखालच्या मुलांची यादी करा. राहिलेली लस द्यायची, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत गेले की नाही ते पाहायचे, आणि ज्या भागात टोळी जाते तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून कळवायचे. परत आल्यावर त्याच यादीवर पुन्हा खुणा करा. जानेवारीत खर्चाचा हिशेब. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने घेतलेले बाक आणि बॅनर सगळ्यांनीच पाहिलेत.

तीन वर्षांचे म्हणाल तर पहिल्या वर्षी घर आवरा आणि एकच विषय तडीस न्या. दुसऱ्या वर्षी समितीच्या मागण्या ग्रामपंचायतीच्या आराखड्यात गेल्या पाहिजेत, कारण खरा पैसा तिथे आहे: ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा १० टक्के, दिव्यांगांसाठीचा ५ टक्के, शिवाय वित्त आयोगाचा निधी. तिसऱ्या वर्षी गावाचे आरोग्य पत्रक काढा. हा प्रयोग नवा नाही. २००७ पासून महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, तेव्हाचे उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. तिच्यात गावकरीच प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा की लाल ते ठरवत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडत. पहिल्याच वर्षी पत्रक काढायला जाऊ नका. आकड्यांची सवय नसलेल्या समितीने काढलेले पत्रक उपकेंद्राशी भांडण लावून मोकळे होते.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून नीट हवी, ती म्हणजे ठराव. नेहमीचा ठराव असा असतो: ‘गावास चांगल्या आरोग्य सुविधा मिळाव्यात असे सर्वानुमते ठरले.’ याला कुणी उत्तर देणे लागत नाही. तोच असा लिहा: ‘उपकेंद्रात दि. ३ ते १७ या काळात लोहाच्या गोळ्या उपलब्ध नव्हत्या, असे गरोदर मातांच्या नोंदवहीवरून दिसते. साठा का संपला आणि पुढील साठा कधी येईल हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दि. २५ पर्यंत लेखी कळवावे. प्रत तालुका आरोग्य अधिकारी यांना. पाठपुरावा: सदस्य श्रीमती अमुक.’ काय घडले, कशावरून दिसते, कुणी, कोणत्या तारखेपर्यंत आणि मागे कोण लागणार, हे पाचही त्यात आहे. पत्र देताना आवक क्रमांक घ्या. पुढच्या सभेचा पहिला विषय ‘मागील ठरावांवर काय झाले’ हाच ठेवा. सल्ला देणाऱ्या समितीला कुणाची बदली करता येत नाही की कुणाचा पगार कापता येत नाही. तिच्या हातात एवढेच हत्यार आहे आणि ते गंजू द्यायचे नाही.

प्रश्न: समितीला वर्षाला मिळणाऱ्या दहा हजारांत होते काय? आणि खर्च केला की लेखापरीक्षणात आक्षेप येतात. त्यापेक्षा पैसे खात्यात राहू दिलेले बरे, असे आमच्याकडे ठरले आहे.
(ग्रामपंचायत अधिकारी, जि. सातारा)

हे सर्वांत महागडे शहाणपण. अबंधित निधी १०,००० रुपयांपर्यंत असतो आणि मागचा पैसा पडून दिसला की पुढचा कमी येतो किंवा येतच नाही. न खर्चण्याची शिक्षा गावालाच होते.

‘अबंधित’ म्हणजे मनाला येईल तसा नव्हे. एकाहून अधिक घरांच्या उपयोगाचे आरोग्य, पोषण, स्वच्छतेचे काम हवे, आणि ज्या कामाला दुसऱ्या योजनेत पैसा आहे त्यावर तो घालायचा नाही. अगदी निराधार बाई किंवा फार गरीब कुटुंब असेल तर एका घरासाठीही खर्च चालतो, पण कारण ठरावात लिहिलेले हवे. रात्री दवाखान्यात न्यायला गाडीभाडे हे अशा खर्चाचे नेहमीचे उदाहरण. त्याआधी १०२ किंवा १०८ ला फोन केला होता का आणि गाडी का आली नाही, ते त्याच कागदावर नोंदवा. पुढे तीच नोंद तालुक्याच्या बैठकीत कामाला येते.

आक्षेप खर्चापेक्षा कागदावर जास्त येतात. ठरावाची तारीख बिलानंतरची असणे हा पहिला दोष. त्यानंतर कच्ची पावती, रोखीने मोठी रक्कम, वजनकाटा घेतला पण साठा नोंदवहीत चढवला नाही, आणि समितीच्याच सदस्याच्या दुकानातून खरेदी. शेवटच्याबाबत साधा नियम करा: ज्याचा संबंध आहे त्याने त्या विषयाला बाहेर बसायचे आणि तो बाहेर बसला हे इतिवृत्तात लिहायचे. खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र मार्चअखेरीची वाट न बघता काम झाल्या झाल्या तयार करून ठेवा.

दहा हजारांत फार होत नाही हे खरेच. पण ओटी टेस्टची (पाण्यातला क्लोरीन रंगावरून तपासायच्या द्रावणाची) बाटली, अंगणवाडीच्या वजनकाट्याची दुरुस्ती, ग्राम आरोग्य पोषण दिनी (अंगणवाडीतल्या महिन्याच्या तपासणी-लसीकरण सत्रात) गरोदर बायांच्या तपासणीसाठी एक टेबल आणि पडदा, एवढे होते. पडद्यावाचून कित्येक बाया पोट तपासू देत नाहीत. मग कार्डावर तपासणीची खूण पडते आणि तपासणी मात्र झालेली नसते.

प्रश्न: आमच्या आयुष्मान आरोग्य मंदिराची जन आरोग्य समिती आहे आणि हद्दीतल्या चार गावांच्या चार आरोग्य समित्या आहेत. तेच सरपंच, तीच आशा, तेच विषय. महिन्याला पाच सभा लावणे शक्य नाही. कुणी काय करायचे?
(समुदाय आरोग्य अधिकारी, जि. यवतमाळ)

गावच्या समितीने गावाकडे पाहायचे, जन आरोग्य समितीने केंद्राकडे. एवढी वाटणी केली की गोंधळ बराचसा मिटतो. डबकी, नळ, अंगणवाडी, शौचालये, कोण लसीला आले नाही, हे विषय गावच्या समितीचे. केंद्र वेळेवर उघडते का, औषधे आहेत का, तपासण्या होतात का, टेलिमेडिसिनची जोडणी चालते का, हे जन आरोग्य समितीचे. उपकेंद्र पातळीच्या समितीत त्या गावचे सरपंच अध्यक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी सहअध्यक्ष आणि तुम्ही सदस्य-सचिव. म्हणजे ज्याच्या कामाची पाहणी करायची तोच इतिवृत्त लिहितो. रचनेतच असलेली ही अडचण आहे. तिच्यावर उतारा म्हणून प्रत्येक सभेतली दोन कामे सचिवाबाहेरच्या माणसाकडे द्या: औषधांचा फलक प्रत्यक्ष कपाटाशी ताडून पाहणे आणि बाहेर बसलेल्या रुग्णांशी बोलणे.

फलक ताडायचा म्हणजे कसा? आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्रासाठी १०५ औषधे आणि १४ तपासण्या ठरवून दिलेल्या आहेत. सगळी १०५ मोजत बसलात तर सभा तिथेच संपेल. दहा निवडा: ताप, जुलाबासाठी ओआरएस आणि झिंक, लोह, कॅल्शियम, रक्तदाब, मधुमेह आणि तुमच्या हद्दीत लागणारी बाकीची. यवतमाळात फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण येतात, तेव्हा ते आले तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचे आणि कुठे पाठवायचे याचा तक्ता भिंतीवर आहे का, हेही याच यादीत धरा. प्रत्येक औषधापुढे तीन रकाने: आज आहे का, मागच्या महिन्यात किती दिवस नव्हते, मागणी कोणत्या तारखेला नोंदवली. तिसरा रकाना तुमच्याच फायद्याचा आहे. मागणी वेळेत गेली आणि साठा आला नाही, तर दोष वरचा. मागणीच उशिरा गेली, तर तुमचा. हे लेखी असले की सभेत आवाज चढत नाहीत.

सभांचे म्हणाल तर गावच्या समित्यांची सभा ग्राम आरोग्य पोषण दिनाच्या दिवशी, सत्र आटोपल्यावर अंगणवाडीतच घ्या. आशा, सेविका, आरोग्य सेविका तिथे असतातच. प्रत्येक गावातून एक कागद, त्यावर फार तर दोन मागण्या, जन आरोग्य समितीकडे यावा. केंद्राच्या समितीला वर्षाला मिळणारे ५०,००० रुपये कुठे लावायचे ते या कागदांवरून ठरवा.

प्रश्न: मी ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी रुग्णालयांत केसपेपरसकट सगळे मोफत झाले. समितीचे उत्पन्नच गेले. मग आता समितीने करायचे काय?
(सेवानिवृत्त शिक्षक, जि. रत्नागिरी)

शुल्क गोळा करणे हेच मुख्य काम समजले गेले, तिथे हा प्रश्न येणारच. या समित्यांचा उगम पाहिला तर त्याचे नवल वाटत नाही. १९९४ मध्ये इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात पहिली समिती उभी राहिली ती रुग्णालयाची दैना पाहून, आणि पैसा उभा करणे हा तिच्या कामाचा मोठा भाग होता. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आल्यावर ती सगळीकडे पोचली. आता सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत शुल्काचा भाग गळाला. ग्रामीण रुग्णालयासाठी ५ लाखांपर्यंतचा अबंधित निधी राहिला आणि ‘कल्याण’ हा शब्द राहिला. आमच्या मते समितीला तिचे खरे काम आत्ता कुठे मिळाले आहे.

त्यातले पहिले म्हणजे बाहेरच्या चिठ्ठ्या मोजणे. सेवा मोफत असली तरी ‘हे औषध बाहेरून आणा’ म्हटले की रुग्णाचा खिसा रिकामा होतोच. महिन्यातले दोन दिवस निवडा, एक बाजाराचा आणि एक साधा. बाजाराच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते आणि साठ्याची कसोटी लागते. औषध खिडकीतून बाहेर पडणाऱ्या ३० जणांना दोनच प्रश्न विचारा: सगळी औषधे मिळाली का? बाहेरून काय आणायला सांगितले? नाव विचारू नका, केसपेपरचा फोटो काढू नका, डॉक्टरचे नाव टिपू नका. फक्त औषधाचे नाव आणि संख्या. तीन महिन्यांत तीच ती चार-पाच नावे पुन्हा पुन्हा दिसायला लागतील. मग ठराव करा, आणि तातडीची गरज असेल तर समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करता येते का ते अधीक्षकांना विचारा.

दुसरे, नादुरुस्त यंत्रांची वही. यंत्राचे नाव, बंद पडल्याची तारीख, तक्रार क्रमांक, दुरुस्तीचा करार कुणाकडे. कित्येकदा यंत्र मोठे आणि बिघाड किरकोळ असतो: तार, बॅटरी, नाहीतर खोलीतला ओलावा. कोकणात पावसाळ्यात हा शेवटचा शत्रू धरूनच चाला.

निधीचे वाटप करताना सगळे वर्षाच्या सुरुवातीला ठरवून टाकू नका. पाण्याच्या टाक्या धुणे, जनित्राचे डिझेल, प्रसूतिगृहातले पडदे आणि कड्या, नातेवाइकांसाठी बसायला जागा, हे नेमाचे खर्च आधी बाजूला काढा आणि चौथा हिस्सा पावसाळ्यासाठी राखून ठेवा. रंगरंगोटीला शेवटचा नंबर.

अडखळण्याची जागा बहुतेक एकच असते. कार्यकारी समिती भेटते, नियामक मंडळ भेटत नाही आणि खर्च मंजुरीविना पडून राहतो. नियामक मंडळाच्या वर्षभराच्या तारखा एप्रिलमध्येच लेखी मागून घ्या. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर बदललेल्या विश्वस्तांचे बदल अर्ज दाखल झालेत का तेही पाहा. अनेक वर्षांचे बदल एकदम निस्तरायला गेलात तर वकिलाचा खर्च समितीच्या माथी येतो.

प्रश्न: विहिरीत रोज टीसीएल टाकायचे काम आरोग्य समितीनेच करावे, असे ग्रामसभेत ठरले. प्रमाण किती घ्यावे?
(समिती सदस्य, जि. अहिल्यानगर)

प्रमाण सांगतो, पण आधी ठराव बदलून घ्या. टीसीएल टाकणे हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे काम आहे. समितीने ते अंगावर घेतले तर पाणी बिघडल्यावर विचारायचे कुणी कुणाला? तुम्ही तपासा. तपासायला हिशेब मात्र तुम्हालाही आलाच पाहिजे.

गोल विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, गुणिले ७८५, म्हणजे पाणी लिटरमध्ये. व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर सुमारे ३७,७०० लिटर. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम धरले तर या विहिरीला ९५ ग्रॅमच्या आसपास लागेल. पोते जुने होऊन क्लोरीन २५ टक्क्यांवर आला असेल तर तेवढ्याच परिणामासाठी १२५ ग्रॅम. २० टक्क्यांच्या खाली गेलेले टीसीएल वापरायचे नाही. साठ्याचा नमुना तपासायला जातो का आणि अहवाल काय येतो, हे सभेत विचारायचा प्रश्न. पाणी गढूळ असेल तर हा डोस पुरत नाही, तेव्हा शेवटचा निवाडा ओटी टेस्टचा.

भुकटी थेट विहिरीत फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करायचा, मग बादली बरीचशी भरून ढवळायची आणि पाच-दहा मिनिटे निवळू द्यायची. वरचे स्वच्छ पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती दोराने पाण्याखाली सोडायची आणि वर-खाली हलवायची. तळाचा चुना टाकून द्यायचा, विहिरीत नाही. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी उपसू नये. रात्री टाकले तर सगळ्यांत सोयीचे.

समितीची तपासणी विहिरीवर करायची नाही, पाइपलाइनच्या शेवटच्या घरी करायची. नळाचे पाणी ओटीच्या नळीत घ्या, थेंब टाका, पिवळा रंग पट्टीशी लगेच ताडा. पहिल्या दहा-एक सेकंदांतला रंग मोकळ्या क्लोरीनचा. वेळ लावला तर रंग गडद होतो आणि सगळे छान आहे असे वाटते. शेवटच्या नळाला निदान ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) हवे, साथ असेल तर ०.५. पहिल्या घरी रंग आणि शेवटच्या घरी काहीच नाही, असे दिसले तर मधे गळती आहे. पुरवठा बंद झाला की रिकामी वाहिनी त्याच फटीतून गटाराचे पाणी आत ओढते. तिथे डोस वाढवून उपयोग नाही, खोदावे लागेल.

आणि पोते मोटारीच्या खोलीत ठेवलेले असेल तर आधी हलवा. उघड्या पोत्यातला वायू मोटारीचे लोखंड खातो आणि टीसीएलही निकामी होते, असे दुहेरी नुकसान.

प्रश्न: पुण्यात आमच्या वस्तीत महिला आरोग्य समिती आहे. महापालिकेत आमचे कोण ऐकणार?
(समिती अध्यक्षा, पुणे)

एकट्या समितीचे ऐकले जाणे अवघडच. महिला आरोग्य समिती ५० ते १०० घरांची, ८ ते १२ बायांची, वर्षाचे ५,००० रुपये. डेंग्यूची डासपैदास मात्र समितीची हद्द पाहत नाही. तेव्हा एकाच नागरी आरोग्य केंद्राखालच्या सगळ्या समित्यांनी मिळून एकच पत्र द्यायचे. दर आठवड्याच्या कोरड्या दिवशी (पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करायच्या दिवशी) प्रत्येकीने दहा घरे पाहायची: पिंप, कुंड्यांखालच्या बश्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर. किती भांडी पाहिली, किती अळ्या सापडल्या, एवढेच लिहायचे. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा चुकवायचा नाही. अळ्या बांधकामावरच्या पाण्यात सापडल्या तर पत्ता आणि तारीख घालून क्षेत्रीय कार्यालयात द्या. धुराची गाडी मागू नका. तिने अळी मरत नाही, फक्त काही झाले असे वाटते.

पुण्यात २००६ पासून पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवली जातात. वस्तीतले फुटके चेंबर, पाणी साचणारी जागा, सार्वजनिक शौचालयातला दिवा अशी छोटी कामे तिथे घाला. अर्जाची मुदत दरवर्षी बघावी लागते, म्हणून एका सदस्येवर तेवढेच काम सोपवा.

प्रश्न: आमची ग्रामपंचायत पेसा क्षेत्रात (पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात) आहे. सात पाडे, समिती एकच, तीही मुख्य गावातली. पाड्यांवरून कुणी येत नाही.
(शिक्षक, जि. नंदुरबार)

येणारही नाही, मजुरी बुडते. सभा पाळीपाळीने पाड्यांवर घ्या. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हे त्यातले एक खाते आहे. तो समितीच्या दहा हजारांहून कितीतरी मोठा असतो, पण तिथे मागणी पाड्याच्या ग्रामसभेतून यावी लागते. म्हणून प्रत्येक पाड्यावर एक बाई तयार करा आणि तिच्या हातात दंडाचा घेर मोजायची पट्टी द्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की त्याच दिवशी आशाला निरोप. साडेअकरा ते साडेबाराच्या मधल्या मुलांना दर पंधरवड्याला पुन्हा मोजायचे. पट्टी डाव्या दंडाच्या मध्यावर, हात सैल सोडलेला आणि बाही वर केलेली हवी. कपड्यावरून मोजले की अर्धा सेंटिमीटर सहज वाढतो, आणि तेवढ्यात एखादे मूल यादीतून निसटते.